समुद्र उजवीकडे

पासोड्या विठोबापासून दुसऱ्या बोळात
शकील इनामदार रबराचे शिक्के करतो.
सोसायट्यांचे, डॉक्टरांचे, एका बँडवाल्याचाही.
त्याला मी फोटो दिला, बुरोंडीच्या किनाऱ्याचा,
धाकट्या बहिणीनं, शशिकलानं, गच्चीवरून काढलेला.
डावीकडे समुद्र, उजवीकडे सुरूची रांग,
आणि नाक डावीकडे करून निघालेली एक होडी.
"मावशी, यात अक्षरं नाहीत?"
नाहीत, म्हटलं,
आणि तिथंच घोटाळा झाला.
अक्षरं असती तर हात सवयीनं उलटा चालला असता.
चित्र त्यानं बघून बघून, मन लावून, सरळ कोरलं
आणि कागदावर ते उलटं उमटलं.

समुद्र उजवीकडे.

"नवीन करून देतो," तो ओशाळून म्हणाला.
राहू दे म्हटलं. एकशे ऐंशी रुपये दिले.

धनकवडीत, ओट्याच्या कडेला, दुपारी अडीचला
श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उताणं ठेवते.
त्यावर शाईचं पॅड दाबते, एकदाच, हलकं,
आणि उमटलेला डाग ओल्या ब्रशच्या टोकानं उचलते.
जांभळा आधी.
एकतीस वर्षं ही शाई माझ्या तर्जनीला होती,
जिल्हा परिषदेत, आवक बारनिशीच्या टेबलावर.
रोज तीनशे कागदांवर "मिळाले" उमटवताना
मला कुठं ठाऊक होतं
पाणी लागलं की ती दुभंगते,
कडेला गुलाबी, आत निळी.
पत्र्याच्या त्या झाकणाखाली
एक अख्खी संध्याकाळ होती
आणि मी पावणेसहाला ते मिटून
स्वारगेटची बस पकडत होते.

हिरवी शाई साहेबांची.
तिला हात लावायची पद्धत नव्हती.
पाटणकरांनी एकदा रजेचा अर्ज
हाताला लागेल त्या पेनानं, म्हणजे हिरव्यानं, लिहिला,
तो शेऱ्यासकट परत आला, रजा गेली ती वेगळीच.
आता सगळे सुरू मी हिरवे करते.
सुरू, त्याखालचं गवत,
टोकाच्या खोपटाचं दारसुद्धा,
कुणाच्याही सहीवाचून.

पहिल्या सात कागदांवर होडी वाहून गेली.
काळी शाई पाण्याला टिकेना.
मग शकीलनं धोबी कपड्यांवर खुणा करतात
ती बाटली काढून दिली. वास येतो, पण होडी ठरते.
लाटांना मात्र शिक्का नाही.
पॅडचा कोपरा कागदावर आडवा ओढायचा,
जिथं शाई पोचत नाही तो फेस.
हे मला कुणी शिकवलं नाही.

वाटीत नळाचं पाणी, खडकवासल्याचं.
मुठेचं पाणी कोकणात उतरत नाही,
घाटाकडे पाठ करून निघतं,
भीमेत जातं, कृष्णेत जातं,
आणि पार तिकडे पूर्वेला, महिन्यांनी की वर्षांनी,
समुद्राला मिळतं.
उजवीकडे.
हे डोक्यात आलं तेव्हा ब्रश वरच थांबला
आणि आकाशात एक थेंब पडून सुकला.
पुसला नाही.
ढग म्हणून चालेल.

चित्र पोस्टानं पाठवलं.
नवव्या दिवशी शशिकलाचा फोन.
"ताई, हे काय गं,
समुद्र मयेकरांच्या बागेत घातलास!"
मग जरा थांबून,
"आणि होडी कुणीकडे चाललीय?"
इकडे, म्हटलं.
दिवाळीच्या आत पोचेल.
तू बसतेस का तीत?

ती काही बोलली नाही.
मागं मिक्सर लागला होता
की भरती होती,
फोनमधून दोन्ही सारखंच ऐकू येतं.